पुसता येणारं लग्न

राधाकिशनला लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी करून हवी होती, आणि तीसुद्धा पुसता येणारी. गेवराईच्या स्टुडिओवाल्या त्रिंबकनं परोपरीनं सांगितलं, "भाऊ, साधी 'आर' घ्या. एकदा भरली की कायमची, अन् जुन्या प्लेअरवर बी चालती. 'आरडब्ल्यू' पुसून परत भरता येती, पण घरच्या प्लेअरवर चालंलच असं न्हाई."

"पुसता येती ना? मग तीच दे."

कारण तसंच होतं. बावीस वर्षांपूर्वी भर मांडवात राधाकिशन घड्याळासाठी रुसून बसला होता. पंगती खोळंबल्या. शेवटी सासऱ्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ त्याला घातलं, तेव्हा कुठं नवरदेव पाटावर बसला. (दुसऱ्याच दिवशी कपिलधारच्या धबधब्याखाली घड्याळासकट आंघोळ करून त्यानं ते बंद पाडलं. तेव्हापासून ते बंद घड्याळ दिसू नये म्हणून सासऱ्यांसमोर कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट.) आता हाच गृहस्थ लग्नालग्नांत माईक धरून हुंड्याविरुद्ध भाषण ठोकतो. तेवढा रुसवा पुसावा, बाकी लग्न राहू द्यावं, असा त्याचा साधा बेत.

"पाहिजे तवा पुसायची, पाहिजे तवा भरायची!" त्यानं घरी येऊन बायकोला, प्रियदर्शनीला, ऐकवलं. बुरशी चढलेली कॅसेट त्यानं त्याच दिवशी भंगारात दिली.

सासरे, ज्यांना तो मामा म्हणायचा, गेल्या वर्षी वारले. चालताबोलता माणूस उरला होता तो एवढ्या चित्रणात. त्यांना डोळेभरून पाहायला सासूबाई, छबुबाई, आष्टीहून निघाल्या होत्या.

त्या पोचायच्या आत राधाकिशन पुतण्याच्या कॉम्प्युटरवर बसला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. त्यानं, सभेत ठरावाला हात वर करावा तसं, न वाचता 'येस' दाबलं. मग रुसवा दिसेना, म्हणून खूश झाला. मग मांडव दिसेना. मग काहीच दिसेना.

त्यानं पुतण्याला फोन लावला. अभिमन्यू किंचाळलाच, "काका, मधला तुकडा पुसता येत न्हाई! ती डिस्क पुसली की सगळीच जाती!"

आपण मामांना दुसऱ्यांदा मारलं, असं राधाकिशनला खरोखर वाटलं.

दुपारी छबुबाई चष्मा पुसून टीव्हीसमोर बसल्या. राधाकिशननं डिस्क घातली. प्लेअर घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली: 'नो डिस्क'.

त्याला त्रिंबक आठवला, आणि जिवात जीव आला. "मामी, काय सांगू! जुना प्लेअर आरडब्ल्यू घेतच न्हाई. माझा लई विश्वास होता ह्याच्यावर!"

छबुबाईंनी गुपचूप पदर डोळ्याला लावला. ते पाहून खरं सांगावं म्हणून राधाकिशननं तोंड उघडलंही.

तेवढ्यात बघायला आलेला शेजारचा सटवा उभा राहिला. "काहून रडता, मावशी? माझा नवा प्लेअर आरडब्ल्यू बी चालवतो. आत्ता आणतो!"

राधाकिशनचं तोंड उघडंच राहिलं. सटवानं प्लेअर आणला, जोडला, डिस्क घातली. 'ब्लँक डिस्क'.

"कोरी हाय बे ही!" सटवा ओरडला.

"मामी, मीच पुसली," राधाकिशन कसाबसा म्हणाला, "माझा रुसवा पुसायला गेलतो."

प्रियदर्शनी शांतपणे उठली आणि साडीच्या घडीतून दुसरी डिस्क घेऊन आली. "ह्यांचं पुसायचं कवतिक ऐकलं अन् तवाच त्रिंबकभाऊला फोन केला. त्यांच्या कॉम्प्युटरवर लगीन व्हतंच. ही 'आर' हाय. ही पुसता येत न्हाई."

जुन्या प्लेअरनं ती निमूट घेतली. आणि फेटा बांधलेले मामा हसत हसत मांडवात आले. छबुबाई पडद्याला हात लावून रडल्या. मामांनी घड्याळ काढलं, रुसलेल्या नवरदेवाला घातलं, आणि वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मारला.

राधाकिशन थिजला. "मामी... हे डोळा का मारायलेत?"

छबुबाई रडता रडता हसायला लागल्या. "बंद घड्याळ व्हतं ते! ह्यांच्या हातावर दोन वर्सं नुसतंच मिरवायला! म्हणले, जावई टाइम कशाला बघतोय, नुसतं घड्याळ बघंल!"

"परत लाव, वहिनी," सटवा म्हणाला, "डोळा मारला तिथून."

राधाकिशननं सवयीनं शर्टाची बाही खाली ओढली.