मालक बाहेर गेलेत

“हॅलो, काळ्या जर्मन गाडीचे मालक बोलतायत का?” फोनवरच्या बाईंनी विचारलं.

“मालक बाहेर गेलेत,” अंबादास सरवदे अदबीने म्हणाले. “मी ड्रायव्हर बोलतोय. काही निरोप?”

“विम्याच्या तपासणीचं बोलायचं होतं. मालकांशीच.”

“आले की सांगतो मॅडम.”

फोन खिशात टाकून अंबादास पुन्हा गाडी पुसायला लागले. डावी काच झाली, आरसा झाला आणि बॉनेटवर फडकं फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. मालक कसले बाहेर गेलेत? मालक तर इथेच, घाटकोपरला पंतनगरात, आपल्याच बिल्डिंगखाली बनियनवर उभे होते! गेल्या आठवड्यातच आरसी बुकावर नाव चढलं होतं, अंबादास लक्ष्मण सरवदे.

आता यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? सव्वीस वर्षं पवईच्या एका कारखानदाराकडे गाडी चालवली. तोंडावर ‘साहेब’ आणि मागे ‘मालक’. त्या मालकांची चौकशी करणारे रोज दहा फोन यायचे आणि रोज दहा वेळा हेच उत्तर जायचं. माणूस रिटायर होतो हो, जिभेला कोण रिटायर करणार?

मालक मुलाकडे परदेशात कायमचे निघाले, तेव्हा म्हणाले, “अंबादास, गाडी तूच घे. दुसरा कोणी तिचे हाल करील.” चौदा वर्षं वापरलेली गाडी. नव्या छोट्या गाडीच्या पाव किमतीत मिळाली. पण कागदपत्रं नावावर होता होता मालकांनी काढलेला विमा संपला आणि गाडी पंतनगरात जी उभी राहिली ती राहिलीच. विम्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही, हा अंबादासांचा नेम. सव्वीस वर्षांत एक चलान नाही त्यांच्या नावावर.

आणि रविवारी तर मुलुंडला जायचं होतं. सपनाच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या बाळाचं नामकरण होतं. बायकोला, शकुताईंना, मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, साहेबांच्या जागेवर बसवून न्यायचं, एवढं एकच अंबादासांच्या मनात होतं.

त्यामागे एक जुनी बोच होती. तीन वर्षांपूर्वी शकुताई जिन्यात घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. मालक दिल्लीला होते, गाडी खाली उभी, किल्ली अंबादासांच्या खिशात. तरी त्यांनी बायकोला रिक्षातून नेलं. गाडी मालकांची, विचारल्याशिवाय कशी न्यायची? खड्ड्याखड्ड्याला शकुताई कळवळत होत्या. त्यावर त्या आजतागायत एक शब्द बोलल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर विषय संपला तरी असता.

संध्याकाळी विमा एजंट हर्षद डोक्याला हात लावूनच आला.

“काका, काय वाट लावलीत तुम्ही! फाईलवर लिहिलंय, ‘मालक उपलब्ध नाहीत, गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात.’ कंपनीला वाटतंय गाडी ढापलीय!”

“अरे तोंडातून गेलं रे.”

“म्हणून म्हणत होतो, नुसता थर्ड पार्टी काढा. तपासणी नाही, काही नाही, दहा मिनिटांत कागद हातात. तुम्हाला फुल पाहिजे!”

“नुसता थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर दुसऱ्याला पैसे. आणि आपलं?” अंबादास म्हणाले. “या गाडीचा एक हेडलाइट फुटला ना, तर मला खोली विकावी लागेल. फुलच काढ.”

“मग आता माणूस येणार तपासायला. शनिवारी सकाळी. आणि काका, हात जोडतो, त्याला तुम्ही मालक दिसले पाहिजेत. मालक!”

हे पहिल्या मजल्यावरच्या नंदकिशोर गुप्त्यांनी गॅलरीतून ऐकलं. गुप्ते सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांचं कोणी ऐकत नसे, त्यामुळे बाहेर सल्ला द्यायला ते नेहमी मोकळे असत. ते तडक खाली आले.

“अंबादास, आधी ते हात मागे बांधणं बंद कर. मालक गाडीला टेकून उभा राहतो. टेक बघू.”

अंबादास टेकले आणि लगेच सरळ झाले. “गुप्तेसाहेब, रंगाला चरे पडतात.”

“पडू देत! तुझीच गाडी आहे ना?”

“म्हणून तर.”

शुक्रवारचा अख्खा दिवस तालीम चालली. शकुताईंनी सपनाच्या लग्नातला कोट इस्त्री करून दिला. “मी गाडीचा मालक,” हे वाक्य अंबादासांनी आरशासमोर वीसेक वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी शेवटी ‘साहेब’ यायचंच.

शनिवारी दहाच्या ठोक्याला तपासणीस विद्याधर देवधर हजर झाले. पांढरा शर्ट, काखेत फाईल, कपाळावर घाम. गेटमधून असा माणूस गाडीकडे चालत येताना दिसला आणि अंबादासांची सगळी तालीम पाण्यात गेली. पाय आपोआप जुळले, हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनी मागचं दार उघडून धरलं. देवधर उन्हातून आलेले. समोर गुबगुबीत सीट दिसली, तेही बसले. अंबादासांनी आवाज न करता दार लावलं.

“काका!” हर्षद दातांवर दात आवळून पुटपुटला. “त्यांना कुठे फिरायला नेताय?”

तोवर गुप्त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मांडली होती आणि खुर्चीत बसल्यावर त्यांना कचेरी आठवली. “अंबादास, डिकी उघड! अंबादास, स्टेपनी दाखव त्यांना! अरे, चष्मा कुठे ठेवलास, चेसिस नंबर वाच!”

अंबादासही ‘हो साहेब, हो साहेब’ करत कोटातल्या कोटात धावत होते. देवधरांनी आतूनच हे सगळं पाहिलं, फाईलवर काहीतरी लिहिलं आणि उतरायला दाराची कडी ओढली. दार उघडेना. दुसरं दार ओढलं. तेही उघडेना. मग ते काचेवर टकटक करायला लागले.

अंबादासांनी धावत जाऊन दार उघडलं.

“दोन्ही दारांत दोष आहे,” देवधर घाम पुसत म्हणाले. “लिहावं लागेल.”

“दोष नाही सर! चाइल्ड लॉक आहे. मीच लावून ठेवलाय. आमच्या मालकांना रस्त्याच्या बाजूचं दार धाडकन उघडायची सवय होती. एकदा एक मोटारसायकलवाला जाता जाता वाचला. तेव्हापासून मी बाहेरूनच उघडतो.”

देवधर खुर्चीतल्या गुप्त्यांकडे वळले. “मालक, एवढं सांभाळणारा ड्रायव्हर नशिबाने मिळतो. इथे सही करा.”

“मी?” गुप्ते खुर्चीतून उठलेच. “मी कशाला? मी शेजारी आहे!”

“शेजारी? मग मालक कोण?”

सगळे अंबादासांकडे बघायला लागले. हर्षदच्या कपाळावर आठ्या, गुप्ते ओठांनी ‘मी, मी’ असं दाखवतायत. अंबादासांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. त्यांना खरंच बोलायचं होतं हो! पण सव्वीस वर्षं घशात बसली होती.

“म्हणजे... तसं कागदावर बघितलं तर...”

“कागदावर?” देवधरांचा आवाज चढला. “हे काय बेनामी प्रकरण आहे? मी रिपोर्ट देणार नाही. आधी कंपनीशी बोलतो.”

संपलं! विमा गेला, रविवार गेला, मुलुंड गेलं. अंबादासांचा चेहरा एवढासा झाला. हात पुन्हा मागे बांधले गेले.

नेमक्या तेव्हाच शकुताई चहाचा ट्रे घेऊन जिना उतरल्या. मोडलेल्या पायाने त्या अजून जरा जपूनच उतरत.

“ताई, तुम्ही तरी सांगा,” देवधर म्हणाले. “मालक कोण आहेत?”

शकुताईंनी ट्रे खुर्चीवर ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि नवऱ्याकडे हनुवटीने खूण केली. “हे काय, हेच आमचे मालक.”

“तुमचे कळले. गाडीचे कोण?”

“गाडीचेही तेच! अहो, एकतीस वर्षं झाली लग्नाला, पहिल्या दिवसापासून मी यांना मालकच म्हणते. गाडीला आत्ता कळलं, त्याला मी काय करू? आणि तुम्ही मला सांगा, दुसऱ्याच्या गाडीची कोणी एवढी काळजी घेतं का?” मग स्वतःच जरा थांबून त्या म्हणाल्या, “घेतात. हे घ्यायचे. पण ही यांचीच आहे. चहा घ्या, गार होतोय.”

देवधरांनी आरसी बुक बघितलं, आधार कार्ड बघितलं, अंबादासांचा कोट बघितला. मग चहा पिऊन निमूटपणे सहीसाठी फाईल पुढे केली.

संध्याकाळी पॉलिसी मोबाइलवर आली. अंबादासांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि मध्येच त्यांचा चेहरा पडला.

“हर्षद, एवढं करून शेवटी लिहिलंच ना त्यांनी? हे बघ. ‘ओनर-ड्रायव्हर’!”

“काका, तो अपघात विमा आहे. सगळ्यांच्याच पॉलिसीवर असंच असतं. मालक स्वतः चालवतो म्हणून. तुमच्या साहेबांच्या पॉलिसीवरपण असणार.”

“साहेब? ड्रायव्हर?” अंबादास हसायला लागले ते थांबेचनात. “अरे, त्यांना गाडी मागे घेता येत नव्हती!”

रविवारी सकाळी अंबादास इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीजवळ उभे होते. शकुताई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या. पेढ्यांचा डबा डिकीत ठेवला. अंबादासांनी मागचं डावं दार उघडून धरलं.

“बस.”

शकुताईंनी आत डोकावून पाहिलं. सीटवर हात फिरवला. मग दार लावून टाकलं.

“मागे नाही बसणार मी. तिथे साहेब बसतात. तिथून मला दिसणार काय, तुमचं टक्कल?”

“अगं, पण मी तुझ्यासाठी...” अंबादास त्यांच्या पायाकडे बघत म्हणाले. “त्या वेळी, पाय मोडला तेव्हा, गाडी इथेच होती. किल्ली माझ्याकडे होती. तुला रिक्षातून नेलं मी. ते अजून...”

“किल्ली होती ते मला तेव्हाही ठाऊक होतं,” शकुताई म्हणाल्या. “गाडीतून नेलं असतं तर तुम्ही पुढे आणि मी मागे एकटी. रिक्षात तुम्ही माझा हात धरून बसला होतात. मला तेवढंच आठवतं.”

आणि त्या पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. अंबादास थोडा वेळ फडक्याने डोळे पुसत राहिले. फडकं गाडीचं होतं, पण त्या दिवशी चाललं.

मुलुंडच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने ती लांबलचक काळी गाडी बघितली, आतला पांढरा शर्ट बघितला आणि खिडकीशी आला.

“ए ड्रायव्हर, आधी वहीत नाव लिही. मालक कुठायत?”

अंबादासांनी काच पूर्ण खाली घेतली. शकुताई मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

“मालकच बोलतोय,” अंबादास म्हणाले. मागे ‘साहेब’ आलं नाही.

वॉचमनने सॅल्यूट ठोकला. अंबादासांनी वहीत ठसठशीत नाव लिहिलं, एका झटक्यात गाडी रेषेत लावली, ऐटीत उतरले, गाडीला वळसा घातला आणि मागचं डावं दार उघडून ताठ उभे राहिले.

शकुताई केव्हाच पुढून उतरून त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या होत्या.

“मालक,” त्या हळूच म्हणाल्या, “मागे कोणी नाही. पेढे डिकीत आहेत.”