गफूरनं बांधलेलं गाव

आमच्या वस्तीतली निम्मी माणसं काश्मीरला जाऊन आलीत. त्यातल्या एकानंही पाचोडच्या पुढं यष्टीत पाय ठेवलेला नाय. ही सगळी करामत गफूर फोटोवाल्याची. माणूस ज्या भिंतीपुढं उभा राहील ती भिंत गफूर फोटोत ठेवणार नाय म्हणजे नाय. पोरगं रडो, म्हातारी खोको, कॅमेऱ्यामागनं त्याचं एकच चालू असायचं, “तुम सामने का संभालो. पिच्छे का मेरेपे छोडो.” मग कॉम्प्युटरपुढं बसून तो माणसाला कडेकडेनं असा सोडवायचा, जशी मी मेंढराची लोकर कातरतो. सोडवला की नेऊन ठेवला बर्फात.

त्याचं दुकान माझ्या दारासमोर, मधी फक्त रस्ता. आधी तिथं गायरान होतं आणि माझी मेंढरं चरायची. शहर पैठण रोडनं सरकत सरकत आलं, प्लॉट पडले, बंगले उठले. मी माझा दगडमातीचा कोठा मात्र पाडू दिला नाय. पोरगा म्हणतो स्लॅब टाकू. मी म्हणतो, मी गेल्यावर टाक, तवर मेंढरं तिथंच बसतील.

ती सालं दुष्काळाची. टँकर चार-पाच दिवसांनी यायचा, बाया घागरी घेऊन रस्त्यावर बसायच्या, आणि गफूरच्या दुकानात मात्र धबधबे पडत होते. मला म्हातारपणाच्या पगारासाठी फोटो पाहिजे होता. मागं पांढरं पाहिजे, असं मी त्याला चारदा बजावलं. व्हय व्हय म्हणला. फोटो लावून फॉर्म दिला, तर साहेबानं चष्मा वर केला. “आजोबा, घरामागं एवढा धबधबा असताना पगार कशाला मागता?” मी तरातरा आलो न् फोटो गफूरच्या टेबलावर आपटला. तो फोटोकडं बघून म्हणला, “तात्या, पांढऱ्यात तुम्ही लई सुकलेले दिसत होते. पाण्यापुढं बघा कसा चेहरा खुलला!”

आता चेहरा खुलला होता, हे खरं. तो फोटो अजून माझ्या घरात भिंतीवर हाय.

एकदा त्यानं कहरच केला. कुणीतरी सांगितलं, मागं हिरवं कापड लावलं की कॉम्प्युटर आपोआप मागचं काढून टाकतो. गफूरनं तेच कापड आणलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते लग्नाचं. नवरी हिरव्या शालूत, कोपरापर्यंत हिरवा चुडा. कॉम्प्युटरनं हिरवं म्हणून दिसेल ते सगळं काढलं. फोटोत तळ्यावर नवरीचं मुंडकं न् दोन पंजे तरंगत होते, बाकी सगळा बर्फ. सासू किंचाळली, “अरे, माझी सून कुठंय?” गफूर शांतपणे म्हणला, “मावशी, येतेय की. अजून अर्धीच पोचलीय.” शेवटी आमच्या म्हातारीची निळी चादर नेऊन सगळं परत काढलं तवा ती सून सासूच्या हाती लागली.

असा हा माणूस. पन्नाशीकडं झुकलेला, डोक्यावर चार केस, लग्न केलं नाय, डबा एकट्याचा. पण त्याची एक सवय मला लई दिवस खटकत होती. जुम्म्याला दुकान बंद करून तो कॅमेरा गळ्यात घालून हिंडायचा आणि माणसांचे नाय, भिंतींचे फोटो काढायचा. कुणाची विहीर, कुणाचं ओसाड दार, खुलताबादकडचं एखादं झाड. विचारलं तर म्हणायचा, “शौक है तात्या.”

एक दिवस मी दुकानात टेकलो होतो. गफूर चहा सांगायला गेला. कॉम्प्युटर चालू होता न् त्यात एक घर दिसत होतं. त्या घराची भिंत बघून मी उठलोच. भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या. प्रत्येक गोवरीवर पाच बोटं, आणि करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी. अशी करंगळी सगळ्या मुलखात आमच्या म्हातारीचीच!

गफूर आत येताच मी कडाडलो, “चोरा! माझा कोठा हाय हा. काढ माझी भिंत!”

“तात्या, हळू बोला...”

“हळू कामून? माझ्या बायकोचा हात दुसऱ्याच्या घराला लावतोस? कुणाचं घर हे?”

गफूर खुर्चीत बसला. “माझं,” म्हणला.

मग त्यानं सांगितलं. त्याचं गाव गोदावरीच्या काठी. धरण झालं तवा पाण्यात गेलं. गफूर पाच वर्षांचा. त्याच साली त्याची अम्मी वारली. मोठ्या बहिणीचं पाचोडला लग्न झालेलं, तिनं याला उचलून नेलं न् वाढवलं. आता आपा म्हातारी झाली, गुडघ्यानं चालवत नाय. तिचं एकच मागणं, डोळे मिटायच्या आत आपलं घर एकदा बघायचं. त्या घराचा फोटो कुणाकडं नाय. धरण आटलं म्हणून गफूर तिथंही जाऊन आला, तर नुसता गाळ न् चार दगड. मग आपा सांगेल तसं तो घर जोडत बसला. कुणाची भिंत, कुणाची चिंच, कुणाची विहीर. सात वर्षं झाली. दर ईदला तो फोटो घेऊन जातो, आपा बघते आणि म्हणते, “नक्को रे. हे आपलं नव्हं.”

“गावाचं नाव काय?” मी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं आणि मी खाली बसलो. “लेका, तुझ्या गावचं पाणी माझ्या मेंढरांनी पिलंय! जवानीत दर उन्हाळ्यात मी त्याच काठानं जायचो. यात हाळ कुठंय?”

“कोणता हाळ?”

“विहिरीजवळची दगडी डोणी. जनावरं पाणी प्यायची ती. आणि ही चिंच उजवीकडं कामून? ती डावीकडं होती.”

“आपा उजवीकडं सांगते.”

“मेंढरं मी बसवायचो त्या चिंचेखाली, तुझी आपा नव्हे!”

दोन दिवस भांडलो. तो ऐकेना, मी हटेना. तिसऱ्या दिवशी कोठ्याच्या दारात उभा राहून मी रस्त्याकडं बघत होतो, तवा डोक्यात उजेड पडला. तसाच पळत गेलो. “अरे गाढवा, तुझी आपा बाईमाणूस. तिनं गाव बघितलं ते घरात उभं राहून, बाहेर तोंड करून. मी न् तुझा कॅमेरा बाहेरनं घराकडं बघतो. तिची उजवी ती आपली डावी!”

गफूर खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसला. मग त्यानं एक बटण दाबलं. सगळं गाव गर्रकन उलटं झालं. सात वर्षांचं काम एका बटणावर! मी हाळ सांगितला, त्यानं तो बसवला. हाळावर माझीच मेंढरं उभी केली.

बाजाराच्या दिवशी फ्रेम कागदात गुंडाळून आम्ही यष्टीनं पाचोडला गेलो. आपा ओट्यावर बसली होती. तिनं चष्मा पुसला, फ्रेम मांडीवर घेतली, न् चिंचेवर बोट ठेवलं. “हौ.” विहिरीवर ठेवलं. “हौ.” हाळावर बोट आलं तशी खुदकन हसली. “इथंच अम्मी त्या मेंढरवाल्याला शिव्या द्यायची. मुडदा, सगळी विहीर उपसून नेतो म्हणायची.”

मी आढ्याकडं बघत बसलो.

“शिव्या देता देता स्वतःच पाणी शेंदून ओतायची,” आपा म्हणली.

“भाकरी बी द्यायची,” मी म्हणलो. आपानं माझ्याकडं नीट बघितलं न् तोंडाला पदर लावून अशी हसली, की शेजारच्या बाया दारात आल्या.

मग तिचं बोट घराच्या दारावर थांबलं. “गफूर, सगळं बराबर है. पण दार कामून लावलं रे? अम्मी दिवसा दार कधी लावत नव्हती.”

गफूरनं मान खाली घातली. “अंदर का कुछ याद नै, आपा. अम्मी का चेहरा बी नै.”

आपानं फ्रेम बाजूला ठेवली. त्याचा हात धरून त्याला जवळ बसवलं, जसं लहान पोराला बसवतात. “आत गेलं ना, की आधी रांजण. त्याच्यावर तुझा पितळी गलास. चुलीपाशी अम्मी. नाक थेट तुझ्यासारखं, आणि हसली की डावा डोळा आधी बारीक व्हायचा...”

गफूर मांडी घालून ऐकत होता. शेवटच्या यष्टीचा हॉर्न वाजला, तो उठला नाय. मीही त्याला उठवलं नाय, एकटाच आलो.

चार दिवस दुकान बंद होतं. टँकरवरच्या बाया विचारायच्या, “तात्या, फोटोवाला कुठं गेला?”

मी सांगायचो, “गावाला गेलाय.”