चांदीच्या चॉपस्टिक

घर विकायचं तर आधी म्हाताऱ्याचा होकार हवा, म्हणून तेशिकने वाढदिवसाचं निमित्त काढून वडिलांना, दोकसूंना, कोरियातल्या जोंजू शहरातल्या बऱ्यापैकी महागड्या हॉटेलात नेलं. सोबत बायको मिरान, आणि भेट म्हणून चांदीच्या चॉपस्टिक. हॉटेलच्या स्टीलच्या काड्या बाजूला सारून मिरानने त्या सासऱ्यांपुढे मांडल्या.

"राजेरजवाडे चांदीच्याच वापरायचे, बाबा."

"हो. अन्नात विष असलं तर काळ्या पडतात म्हणून," दोकसू म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही काड्या मातीच्या भांड्यात रटरटणाऱ्या, फेटून वाफवलेल्या अंड्यात खुपसून ठेवल्या.

बाहेर काढल्या तेव्हा टोकं काळी होती.

तिघांनीही ती पाहिली. बराच वेळ पाहिली.

"खा ना, बाबा," मिरान म्हणाली. "गार होईल."

"आधी तुम्ही खा."

"अहो, असं कसं? थोरांनी घास घेतल्याशिवाय आम्ही कसा घ्यायचा?"

"आज घ्या."

"लोक काय म्हणतील! तुम्ही नुसता एक घास घ्या. बाकीचं आम्ही बघतो," तेशिक म्हणाला. हे वाक्य त्याचं त्यालाही बरं वाटलं नाही. गडबडीत त्याने हातातला चमचा भाताच्या वाटीत उभा रोवला.

"भातात चमचा उभा रोवून पितरांना वाढतोयस होय?" दोकसूंनी विचारलं. "थांब की जरा. अजून समोर बसलोय."

शेवटी मिरानने रीत गुंडाळून ठेवली आणि अंड्याचा मोठा घास तोंडात कोंबला. अंडं उकळतं होतं. तिचे डोळे पांढरे झाले, घशातून चमत्कारिक आवाज निघाला. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी आपलंही अंडं हळूच दूर सरकवलं.

"जिवंत आहे!" तेशिक ओरडला. "बघा बाबा, जिवंत आहे!"

दोकसूंनी सुनेपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"गरम अंड्याने चांदी काळी पडते, सूनबाई. आमच्या लग्नातही अशाच मिळाल्या होत्या, तेव्हापासून ठाऊक आहे मला."

"मग हा तमाशा कशाला?" तेशिकचा आवाज चढला.

"तमाशा करायचा नव्हता. घर विकायला हो म्हणायचं, असं ठरवूनच आलो होतो." दोकसूंनी स्टीलच्या काड्या उचलल्या आणि शांतपणे अंडं खायला सुरुवात केली. "पण म्हाताऱ्याला विषाचा संशय आलाय, हे तुम्हा दोघांनाही कळलं होतं. एकाने तरी म्हणायचं होतं रे, 'बाबा, मग नका खाऊ.'"