मथुराबाईसाहेब संगणक शिकल्या त्याची हकिकत

श्रीशारदेस दंडवत. लिहिणाराचे नाव राहो अथवा न राहो, घडले ते राहो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी वर्तमान जाहले ऐसे जे, एका नगरी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे राज्य होते. तेथे मथुराबाईसाहेब एकट्या राज्य करीत होत्या. यजमान कैलासवासी जाहले, पुत्रसंतान नाही, बोलावयास एक धाकटी बहीण, चिमाबाईसाहेब, त्या दूर मुलुखी लेकाकडे. उभयतांचे नित्य फोनवर बोलणे होत असे. मग चिमाबाईंस मोठा ज्वर आला आणि ज्वर उतरला तो कान घेऊन गेला. तरी मथुराबाई फोन लावीत आणि "चिमे, ऐकतेस ना गं?" म्हणोन पुसत, आणि तिकडून "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" इतके येऊन फोन बंद होई. मग चिमाबाईंचे सुनेने सांगून पाठविले की, "मावशी, आई संगणकावर लिहिलेलं वाचतात. तुम्ही लिहा ना." तेव्हा बाईसाहेबांनी यजमानांचे संगणकावरील अभ्रा काढिला, आणि बहुत वेळ नुसत्याच पाहत बसल्या. मग खालचे मजल्यावरील शहनाज मुजावर, संगणकवर्गात शिकवीत, त्यांस पाचारण केले. त्यांनी पडद्यावर चिमाबाईंचे नावाचे चित्र मांडून दिले आणि माऊस बाईसाहेबांचे हाती दिला. बाण पडद्याबाहेर पळे, चित्र उघडावयाचे ते उचलून कचरापेटीत पडे. शहनाजबाई म्हणाल्या, "काकू, दाबून धरू नका. दोनदा टिचकी मारायची आणि सोडायचं." बाईसाहेब म्हणाल्या, "सोडायचं तेच तर जमत नाही गं मला." शहनाजबाईंनी आपला हात त्यांचे हातावर ठेविला, आणि दोघींनी मिळोन टिचकी मारिली, तो पडद्यावर लिहावयाची खिडकी उघडली. मग खिडकी लहान कैसी करावी, पडद्याचे तळचे पट्टीतून वर कैसी आणावी, अक्षर चुकले तर कैसे पुसावे, हे सारे शिकविले.

पुढे एके दुपारी शहनाजबाई वर्गास गेल्या असता बाईसाहेबांनी एकटीनेच धीर केला. चिमाबाईंची खिडकी उघडली आणि एकेक अक्षर शोधोन लिहिले, "चिमा मी मथू". धाडिले. मग बोट कोठे लागले न कळे, खिडकीच नाहीशी जाहली! बाईसाहेब घाबऱ्या जाहल्या. "अगं चिमे, गेलीस कुठं?" म्हणोन पडद्यास पुसू लागल्या. घरात उत्तर देणारे कोणी नव्हते. मग डोळे पुसोन खाली पट्टीकडे पाहिले, बाण हळूच नेला, टिचकी मारिली आणि सोडिली. खिडकी वर आली. आत लिहिले होते, "मथे किती हळू लिहितेस. लिही. मी बसल्ये इथं." बाईसाहेबांस हुंदका आला. मग चष्मा पुसोन लिहिले, "जेवलीस का".

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. मुलूख वाढला नाही, दरबार भरला नाही. बाईसाहेब नित्य दुपारी पडद्यासमोर बसतात आणि तिकडून अक्षरे उमटण्याची वाट पाहतात. घरात कोणी बोलत नाही. इति.