विसाजीपंतांचा डावा हात

आमच्या विसाजीपंत मास्तरांना कापूस खपत नसे. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, कुणाला वांगं खपत नाही, कुणाला मांजर. पण मास्तर राहायला होते दर्यापूरच्या खालच्या अंगाला, पूर्णेच्या काळ्या मातीत, आणि दिवस होते ते वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आल्याचे. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, त्यामुळं साहेबाला आमच्याशिवाय कापूस मिळेनासा झाला होता. घरात कापूस, ओसरीवर कापूस, गाड्या खालून गेल्या की बाभळीच्या काट्यांना कापूस. अशा गावात हा माणूस सकाळी शाळेच्या दारात उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याच्या केसांतला, कानामागचा, अंगरख्यावरचा कापूस दोन बोटांनी वेचून फुंकून द्यायचा.

"कापूस बाहेर! आता या आत."

हंगामात निम्मी सकाळ यातच जायची.

शाळा म्हणजे चावडीमागची एक खोली. मास्तर कोकणातले, पुण्याला शिकलेले, सरकारनं नव्या शाळा काढल्या तेव्हा इकडं धाडलेले. अंगानं काटकुळे, आवाज मात्र भरदार. पोराटोरांनाही अहोजाहो करायचे. "अहो गणपतराव, जरा कान पुढे करता का?" असं अदबीनं विचारायचे आणि पुढं केलेला कान पिरगाळायचे. आमच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून त्यांचं रोज विहिरीशी भांडण. काठावर उभं राहून विहिरीला अक्षरशः बोलायचे. बायका घागरी टेकवून ऐकत राहायच्या.

सगळ्यांत मोठं वेड अक्षराचं. बोरू स्वतः तासून द्यायचे. कुणाची ओळ वाकडी गेली की पाटी उचलून उजेडाकडं धरायचे आणि म्हणायचे, "हे अक्षर आहे की उंदराचं पोट बिघडलंय? पुन्हा!" ते ‘पुन्हा’ मी झोपेतसुद्धा ऐकलेलं आहे.

शेवटच्या वर्गात आम्ही तिघंच उरलो होतो. पाटलाचा गणपत, मी किसन, आणि गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचा रहीम. बाकीची पोरं केव्हाच वेचणीला आणि गाड्यांवर गेली होती. रहीमच्या घरात दिवसभर कापूस पिंजला जायचा, त्यामुळं दारात त्याचाच खोळंबा सर्वांत मोठा. "अहो रहीमभाई, तुम्ही घरून चालत येता, की गादी उसवून कुणी तुम्हाला बाहेर काढतं?" मास्तर विचारायचे आणि मान वाकवून उभ्या असलेल्या रहीमच्या भुवईतला शेवटचा तंतू काढेपर्यंत त्याला हलू द्यायचे नाहीत. पण रहीमची पाटी त्यांनी कधी उजेडाकडं धरली नाही. नुसती बघायचे आणि खाली ठेवायचे. त्यांच्याकडून एवढंच कौतुक मिळायचं.

पाटलांच्या बैलांच्या शिंगांच्या टोकांना त्या साली चांदीच्या शेंब्या आल्या. पाटील एक दिवस शाळेत आले. "मास्तर, माह्या पोट्ट्याले आता शाळा पुरे. गाड्यांसंगं उमरावतीले धाडाले घरचा मानूस भेटून नाई राह्यला मले."

"परीक्षा होऊ द्या हो. आणि पाटील, हा कापसाचा भाव असा कायमचा नसतो."

पाटील इतके हसले की चावडीवरची माणसं डोकावली. "भाव उतरन? वऱ्हाडात? मास्तर, तुमाले आमच्या इथलं पानी बाधलं!"

परीक्षा घ्यायला अमरावतीहून डिपटीसाहेब घोड्यावरून आले. गणपत गणितात अडकला, मी कसाबसा तरलो. रहीमनं लिहिलेला कागद साहेबांनी हातात धरला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. "याला अकोल्याला पाठवा," ते म्हणाले. "मास्तर तयार करायची शाळा आहे तिथं. पावसाळ्यानंतर घेतील."

साहेब गेल्यावर मास्तर रहीमचा कागद बघून म्हणाले, "ढ किंचित पोटात सुटलाय." आणि आमच्याकडं पाठ करून उगाचच खुंटीवरचं उपरणं झटकत बसले.

शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला गूळ-दाणे दिले आणि एकेकाला पुढं काय करणार ते विचारलं. गणपत गाड्या हाकणार होता. माझा मामा अमरावतीला अडत्याकडं होता, मी तिकडं जाणार होतो. रहीम म्हणाला, "मी अकोल्याले जातो, मास्तर. मंग तुमच्यासारका मास्तर होतो." मास्तर म्हणाले, "माझ्यासारखे नको. बरे मास्तर व्हा." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मग ती लांबची लढाई संपली. आमच्याकडं तिची कधी गोळीसुद्धा ऐकू आली नव्हती, पण ती संपली आणि आमचा बाजार पडला. पाटलांच्या बैलांची शिंगं पुन्हा नुसती शिंगं झाली. गणपत गाड्यांसकट घरी बसला. नव्या गाद्या भरून घ्यायची हौस कुणाला उरली नाही, म्हणून रहीमच्या बापाची कापूस पिंजायची धनुकली खुंटीला गेली. पावसाळा संपेपर्यंत घराला हातभार म्हणून रहीम अमरावतीला आला आणि कापसाच्या गाठी बांधायच्या वाफेच्या कारखान्यात लागला. एक दिवस गाठीवरची लोखंडी पट्टी आवळताना सटकली. रहीमच्या उजव्या हाताचा अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली.

मी एका गाडीवानाबरोबर गावात मास्तरांना निरोप धाडला. मास्तर आले. कारखान्यामागच्या वस्तीत रहीमची आई त्याला घेऊन एका पडवीत राहत होती. मास्तर उन्हातून घाम पुसत आले, चिंध्यांत बांधलेल्या त्या हाताकडं पाहिलं आणि खेकसले, "अहो, लक्ष कुठं होतं तुमचं?"

रहीमनं तोंड भिंतीकडं केलं. मास्तर आले तसे परत गेले. जवळ बसले नाहीत, की डोक्यावरून हात फिरवला नाही. रहीमची आई मला म्हणाली, "कायले बोलावलं रे त्याहिले?" त्या दिवशी मास्तर माझ्या मनातून पार उतरले.

दिवाळीला मी गावी गेलो. शाळेला सुटी होती, तरी खोलीचं दार उघडं दिसलं. आत मास्तर एकटे, पाटीवर वाकलेले. जीभ दातांत धरून, लहान मूल धरतं तसं. मी मागून डोकावून पाहिलं. पाटीवर वेडीवाकडी, थरथरलेली, एकमेकांवर कोसळणारी अक्षरं. ज्या माणसाची ओळ दोरी धरल्यासारखी जायची, त्याची ही पाटी! मला वाटलं, यांच्या अंगावरून वारं गेलं.

"मास्तर, तब्येत बरी नाई का?"

ते दचकले. पाटी झाकू लागले. मग माझ्या लक्षात आलं, पेन्सिल डाव्या हातात होती.

"तब्येतीला काय झालंय? बसा." पाटी पुसत ते म्हणाले, "डाव्या हातानं लिहायचं म्हटलं की हात आपलं आपणच लिहिलेलं पुसत जातो. पाटी तिरकी ठेवावी लागते. मनगट खालून आणावं लागतं. ‘क’चा दांडा तर अजून साधत नाही मला."

"पन तुमी कायले..."

"मला न येणारी गोष्ट मी रहीमभाईंना कशी शिकवणार?" ते एकदम चिडून म्हणाले. "त्या दिवशी गेलो होतो मी. काय सांगणार होतो? मला काही येतच नव्हतं."

"पुन्हा," ते स्वतःलाच म्हणाले आणि पाटीवर वाकले.

दिवाळी झाल्यावर ते माझ्याबरोबर अमरावतीला आले. रहीम पडवीतच होता. त्याच्यापुढं मास्तरांनी पाटी ठेवली तशी त्यानं ती पायानं सरकवली. "आता लेहून काय करू, मास्तर? अकोल्याले लुळा मास्तर घेत नाईत."

"घेत नाहीत," मास्तर म्हणाले. खोटं काही बोलले नाहीत. मांडी घालून त्याच्या शेजारी बसले, पाटी ओढून घेतली आणि डाव्या हातानं लिहू लागले. रहीम बराच वेळ दुसरीकडं पाहत होता. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याची नजर पाटीवर गेली, आणि तो एकदम फसकन हसला.

"मास्तर! तुमचा ‘क’ त लंगडा हाये!"

"मग तुम्ही काढून दाखवा."

त्यानं पेन्सिल घेतली. त्याचा ‘क’ मास्तरांच्यापेक्षाही वाईट निघाला. दोघं वाकून त्या दोन अक्षरांकडं पाहत राहिले. आत चुलीशी रहीमची आई पदरानं डोळे पुसत होती. धूर नव्हता.

पुढं मास्तर आठवड्याच्या सुटीला आदल्या रात्रीच गाडीत बसून यायचे. वर्ष गेलं असेल. रहीम अकोल्याला गेला नाही. त्याच कारखान्यात गाठींवर काळ्या रंगानं व्यापाऱ्यांची नावं लिहायचं काम त्याला मिळालं. उन्हात दिवसभर. त्याला आवडायचं असं नाही. पण अक्षर सरळ यायचं. गणपत बापाच्या मागं पाटील झाला, मी अडतीतच म्हातारा झालो. त्या वर्गातून मास्तर कुणीच झालं नाही.

एकदा संध्याकाळी मी मास्तरांना गाडीअड्ड्यावर सोडायला चाललो होतो. उन्हाळ्याची लांब सुटी लागलेली. मी विचारलं, "मास्तर, सुटीत तुमी कोकनातल्या आपल्या गावाले कावून नाई जात?"

त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "गेलो होतो एका वर्षी. आळीतून इकडून तिकडं फिरलो. किसनराव, हाक मारायला कुणी शिल्लक नाही तिथं."

गाडीत बसले. गाडीवानानं बैल हाकलले. तेवढ्यात वस्तीकडून रहीम धावत आला, हाताला काळा रंग तसाच. "मास्तर! ओ मास्तर! सुटीतबी येजा!"

चाकांच्या आवाजात मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मान वळवली नव्हती. पण गाडी थोडी पुढं गेली, आणि मास्तरांचा तो भरदार आवाज त्या दिवशी अगदी बारीक ऐकू आला.

"जरा थांबवा हो गाडी. मला कुणीतरी हाक मारतंय."