शिवानानांचा वाजता लॅपटॉप

शिवानाना कुठलीही वस्तू डोळ्यांनी घेत नसत, कानांनी घेत. माठ, कलिंगड सगळेच वाजवून घेतात. नानांनी छत्रीसुद्धा दहादा उघडमीट करून, कान लावून घेतली होती. सांगलीच्या हळदपेठेत त्यांची दलाली. हळकुंड कानाशी मोडायचं, डोळे मिटायचे आणि पिवळ्या धुरळ्यात तसंच उभं राहायचं. मग म्हणायचं, "वाजतं ते टिकतं."

मी तिथंच हमाल. शाळा चौथीपर्यंत; पण नानांना तोंडावर चूक सांगणारा पेठेत मी एकटाच.

घशाच्या दुखण्यात वहिनींचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आवाज गेला. त्या पाटीवर लिहू लागल्या. महिन्याभरात नाना म्हणाले, "बापू, मांडीवरचा कॉम्प्युटर घ्यायचा."

"आवं, वही घ्या की! न्हाईतर टाईपरायटर." वहिनी लग्नाआधी टायपिंग शिकल्या होत्या.

"वही मुकी असती गड्या. आन् टाईपरायटरचं धूड आजारी बाईच्या मांडीवर ठिवू व्हय?"

नवा लॅपटॉप झेपणारा नव्हता. स्टँडजवळच्या दुकानात मुंबईच्या कचेऱ्यांनी वापरून काढलेले तीन होते. दुकानदार मेमरी सांगत होता, नाना एकेक बटण दाबून ऐकत होते.

"हा बघा, अगदी चकाचक. बटणांचा आवाजच नाही!"

"मग काय करायचाय?"

दुसराही गप्पच निघाला. तिसरा जाडजूड, पडद्याचा एक कोपरा विटलेला. पण बटणं पत्र्यावर गारा पडाव्यात तशी वाजत. नानांचे डोळे मिटले. दुकानात कृष्णेकाठची दुपार उतरल्यासारखं सगळं शांत झालं.

"ह्योच. लाईट गेल्यावर किती चालतो?"

"तासभर. मराठी अक्षरं मी घालून देतो."

भाव ठरवायला नानांनी पेठेच्या सवयीनं हातावर टॉवेल टाकून पुढं केला. आमच्यात भाव तोंडानं नाही, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगतात. दुकानदारानं आनंदानं शेकहँड केला. नाना चक्रावले, "ह्यो पाची बोटं देतोय रं!"

टाईपरायटरच स्वस्त पडला असता, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

पंधरा दिवसांनी दुपारी नानांच्या घरी गेलो. नाना सोप्यात खुर्चीवर डोळे मिटून पडलेले. आतल्या खोलीतून टकटक टकटक येत होती, आणि नाना मधूनमधून म्हणत होते, "हं... व्हय व्हय... खरं हाय तुजं."

मी हळूच विचारलं, "काय लिवत्यात वहिनी? वाचलं का?"

"वाचू सांजच्याला. आत्ता बोलतीया न्हवं ती."

तेवढ्यात टकटक थांबली. नाना खुर्चीत ताठ बसले. चेहरा एकदम उतरला.

"का गं? रागावलीस व्हय?"

नानांनी आतल्या खोलीकडं कान लावला. मग आतून एकच बटण वाजलं.

नाना हसले आणि पुन्हा मागं टेकले.