सात म्हणजे सात

“प्रितीचं लग्न संध्याकाळी सात वाजता लागेल. सहा एकोणसाठला नाही आणि सात एकलाही नाही. सात म्हणजे सात!”

भिवाभाऊ गमरे यांनी ही ऐतिहासिक घोषणा केली तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. घरच्यांची बैठक त्यांनी दहाला बोलावली होती. मुलगा बुद्धभूषण दहाला अंघोळीला गेला, प्रिती इस्पितळातली ड्यूटी आटोपून अकराला आली, आणि बकुळाबाई मासळी घ्यायला म्हणून चाळीचा जिना उतरल्या, त्या खालच्या तीन बिऱ्हाडांची सविस्तर चौकशी करून बारा वाजता वर चढल्या.

भिवाभाऊंनी चौतीस वर्षं बसच्या शेवटच्या थांब्यावर स्टार्टरचं काम केलं होतं. चौकीत बसायचं, घड्याळ बघायचं, शिट्टी मारायची आणि गाडी सोडायची. निवृत्त होताना साहेबांनी शाल दिली, भिवाभाऊंनी शिट्टी मागून घेतली. पुढे सोडायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा ते घरातली माणसं सोडू लागले. बुद्धभूषण ऑफिसला आठ सतराला सुटायचा.

“आपल्यात मुहूर्त नाही,” ते पुढे म्हणाले. “मुहूर्तवाल्यांची माणसं निदान ग्रहांना भिऊन तरी वेळेवर येतात. आपण ग्रह सोडले, बरंच केलं. पण त्यांच्याबरोबर घड्याळही सोडायला कुणी सांगितलं होतं?”

सीमाचं लग्न सगळ्यांना आठवत होतं. सीमा ही भिवाभाऊंची पुतणी. तिच्या कार्डावर पाचची वेळ होती आणि वरात नाचत नाचत पावणेदहाला आली. दहाच्या ठोक्याला हॉलवाल्याने दिवे घालवले. सीमाने आणि नवऱ्याने संसाराच्या प्रतिज्ञा अकरा मोबाइलच्या उजेडात घेतल्या. समोर माणसंही तेवढीच होती, मोबाइल धरणारी. बाकीची जेवून कल्याण, विरार, टिटवाळ्याच्या वाटेला लागली होती.

“बाबा, मला घोडा नको, डीजे नको,” प्रिती म्हणाली. “प्रतिज्ञा घेताना वर दिवे असू देत आणि समोर माणसं असू देत. बास. एवढंच करा माझ्यासाठी.”

भिवाभाऊंचा आवाज एकदम खाली आला. “करतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी योजना मांडली. आपला माणूस सरासरी दीड तास उशिरा धावतो, हा त्यांचा अभ्यास होता. तेव्हा लग्न सातला लावायचं, पण कार्डावर साडेपाच छापायचं. खरी वेळ घरात राहील. बाहेर ती कळेल फक्त बौद्धाचार्य तांबेसरांना, कारण लग्न लावणाऱ्याला फसवणं बरं दिसत नाही.

योजनेत दोष नव्हता. दोष एवढाच होता की ती बकुळाबाईंनाही पटली. ‘माझ्या माहेरच्यांना दीड तासाने काय होतंय,’ असं मनाशी म्हणून त्यांनी कार्ड देताना तोंडी सांगितलं, “साडेपाच आपलं लिहायला लिहिलंय गो. तुम्ही साडेचारला या.” बुद्धभूषणने आपल्या मित्रांचा विचार करून व्हॉट्सअॅपवरच्या पत्रिकेत चार घातले. काळाचौकीच्या कासारे व्याह्यांना खरी वेळ ठाऊकच नव्हती. पण वरात कशी चालते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वरात काळाचौकीहून दुपारी अडीचला निघेल असं जाहीर केलं. तिघांनीही हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर मार्जिन कसलं?

तरीही सगळं निभावलं असतं. पण मध्ये साखरपुडा झाला होता.

साखरपुडा अकराचा होता आणि भिवाभाऊंनी तो अकराला उरकला. नवऱ्या मुलाची राधाआत्या सव्वाबाराला नटूनथटून आली, तेव्हा अंगठ्या बोटांत गेल्या होत्या आणि पातेली मोरीत. आत्याने ही कथा काळाचौकीपासून बदलापूरपर्यंत प्रत्येक नातेवाइकाला फोन करून ऐकवली. “गमऱ्यांकडे जायचं तर घड्याळ बघून जावा. तिथे गाडी चुकते!”

त्यामुळे लग्नाच्या रविवारी आजवर न घडलेली गोष्ट घडली. सगळे वेळेवर आले.

भिवाभाऊ चार वाजता बकुळाबाई आणि बुद्धभूषणला घेऊन परळच्या श्रमसाफल्य सभागृहावर सहज नजर टाकायला गेले. हॉल त्यांना पाचला मिळायचा होता. तोवर तो फणसवाडीच्या कमलाकांत त्रिलोकेकर नावाच्या निवृत्त सॉलिसिटरांकडे होता. त्यांची पंच्याहत्तरी होती. तीनशे खुर्च्या त्यांनी मांडल्या होत्या. पण परळ हे फणसवाडीच्या नातलगांना बरंच परगाव वाटलं असावं, कारण तीसच माणसं आली होती. त्यातली आठ केटररची. कमलाकांत अडतीस पानांचं भाषण घेऊन सतराव्या पानावर, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभे होते.

एवढ्यात दार उघडलं आणि माणसं येऊ लागली. येतच राहिली. पांढऱ्या साड्या, गजरे, कडेवरची पोरं. मागोमाग बेंजो वाजवत वरात. कमलाकांतांचा आवाज भरून आला. त्यांनी पानं सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“हे कोण गो?” बकुळाबाईंच्या बहिणीने विचारलं.

“नवऱ्याकडचे असतील. बोलतायत बघ किती.”

पलीकडच्या रांगेत राधाआत्या भावाला सांगत होती, “मुलीकडचे कोण वकील आहेत. गप ऐक, नंतर नको बोल लागायला.”

दोन्ही बाजू एकमेकांच्या धाकाने टाळ्या वाजवत होत्या. कमलाकांत मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिले आले, टाळ्या. त्यांना चष्मा लागला, टाळ्या. भिवाभाऊ दाराशी उभे राहून हे दृश्य बघत होते. चौतीस वर्षांत त्यांनी उशिरा आलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या. लवकर आलेल्या गाडीचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“बकुळा, तू किती सांगितलंस?”

“साडेचार. तुम्हीच म्हणालात ना, आपला माणूस लेट धावतो!”

“आणि तू रे?”

“चार,” बुद्धभूषण म्हणाला. “बाबा, लोड नका घेऊ. क्राउड एक नंबर आहे.”

पाच वाजता हॉलच्या मॅनेजरने चौतिसाव्या पानावर माइक बंद केला. कमलाकांतांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. “गमरेसाहेब, आपल्या माणसांनी माझी लाज राखली,” ते भिवाभाऊंचा हात धरून म्हणाले. “आता मी आणि दुर्गा आपल्या कन्येचं लग्न पाहूनच जाऊ.” असं म्हणून दोघे नवरा-बायको पहिल्या रांगेत बसले.

साडेपाच वाजले. मंचावर फुलवाला अजून शिडीवरच होता. नवरी पार्लरमध्ये होती, तांबेसर यायचे होते. राधाआत्या उठली.

“काय हो भिवाभाऊ? साखरपुड्याला तासभर उशीर झाला तर अंगठ्या घालून मोकळे झालात. आज चारपासून बसलेय, चष्म्याचा नंबरसुद्धा ऐकला त्यांच्या. नवरी कुठाय?”

“येतेच आहे, आत्या.”

“कार्डावर साडेपाच लिहिलंय ना?”

“लिहिलंय खरं.”

“मग? टायमाचे पक्के म्हणे!”

भिवाभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. ते स्वतःच्या वेळापत्रकानुसार एक मिनिटही मागे नव्हते, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणी लेट म्हटलं होतं, आणि तेही तीनशे माणसांसमोर.

सहाला पहिलं कुटुंब उठलं. “भिवादादा, निघतो. उद्या पोरांची शाळा. टिटवाळा गाठायचाय.” त्यांच्यामागून डोंबिवली उठली. मग विरारने पिशव्या आवरायला घेतल्या. भिवाभाऊंच्या डोळ्यांसमोर प्रिती आली. दिवे लखलखीत, आणि समोर रिकाम्या खुर्च्या. अकरा मोबाइलसुद्धा नाहीत.

त्यांचा हात खिशात गेला आणि हॉलमध्ये शिट्टी घुमली. पिशव्या आवरणारे हात थांबले.

“बेंजोवाले, उठा! संघर्षराव, वरात काढा.”

संघर्ष, म्हणजे नवरदेव, पंख्याखाली बूट काढून बसला होता. “काका... म्हणजे बाबा, वरात घेऊन आत्ताच तर आलो ना!”

“ती आलेली. ही जाणारी. इथून डिलाईल रोड, आमच्या चाळीसमोर पाच मिनिटं थांबायचं आणि त्याच रस्त्याने परत. दोन्हीकडची सगळी मंडळी बरोबर. चला, चला, पुढे चला!”

बेंजोवर ओळखीचं भीमगीत वाजायला लागलं. टिटवाळा दारात घुटमळला. डोंबिवलीचा एक पाय ठेका धरू लागला, आणि विरारने पिशव्या दुर्गाबाईंच्या स्वाधीन करून कमरेला पदर खोचला. ज्या माणसांना उद्या शाळा होती ती माणसं बोटं वर करून रस्त्यावर उतरली. हॉल दोन मिनिटांत रिकामा झाला.

“बकुळा, तू वरातीच्या मागे राहा. पावणेसातला सगळे परत पाहिजेत.”

“आणते,” बकुळाबाई म्हणाल्या आणि वरातीमागे चालू लागल्या.

साडेसहाला प्रिती आली. पांढरी साडी, निळा काठ, केसांत मोगरा. तिने हॉलमध्ये नजर फिरवली. सगळे दिवे लागले होते. तीनशे खुर्च्या होत्या. त्यांतल्या दोन खुर्च्यांवर एक अनोळखी जोडपं बसलं होतं आणि बाईंच्या मांडीवर सात पिशव्या होत्या.

“बाबा, माणसं?”

“फेरीवर गेलीत.”

“परत येणारेत ना?”

“प्रिती, चौतीस वर्षांत मी सोडलेली एकही गाडी...” एवढं बोलून भिवाभाऊ थांबले. त्यांना काही गाड्या आठवल्या.

कमलाकांत अदबीने पुढे झाले. “मुली, काळजी करू नकोस. फार रसिक मंडळी आहेत. येतील.”

पावणेसात झाले. भिवाभाऊ फाटकात उभे होते. रस्ता नेहमीसारखा वाहत होता, बेंजोचा आवाज कुठेच नव्हता. सहा सत्तेचाळीस. सहा एकोणपन्नास. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण बोलवायचं कुणाला? प्रिती आतून येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

आणि मग कोपऱ्यावर तुतारीसारखा काहीतरी आवाज झाला. पाठोपाठ बेंजो. वरात सहा बावन्नला वळणावर दिसली, घामाघूम, पूर्ण. सर्वांत मागे बकुळाबाई, दोन्ही हात पसरून उरलेल्यांना पुढे हाकत होत्या.

“सात मिनिटं लेट,” भिवाभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे मात्र पाणावले होते.

“लेट कसले? मी सगळ्यांना साडेसहा सांगितले होते,” बकुळाबाई म्हणाल्या. “तुमचे पावणेसात सांगितले असते तर आठ वाजले असते.”

सगळे धापा टाकत खुर्च्यांवर बसले. आता उठून जायचं बळ कुणातच उरलं नव्हतं. सहा छपन्नला मंच तयार होता, मेणबत्त्या तयार होत्या. तांबेसर नव्हते. भिवाभाऊंनी फोन लावला.

“जय भीम, सर. कुठे आहात?”

“जय भीम, जय भीम! काळाचौकीत आहे, दुसरं एक लग्न आहे इथे. येतो की साडेआठपर्यंत.”

“सर, मी तुम्हाला सात सांगितलं होतं!”

“हो, म्हणून तर साडेआठला येतोय. बावीस वर्षं लग्नं लावतोय भिवाभाऊ, सात म्हणजे काय ते मला नका शिकवू.”

फोन ठेवून भिवाभाऊ पायरीवरच बसले. अख्ख्या मुंबईत त्यांनी ज्या एका परक्या माणसाला खरी वेळ सांगितली, तोच एकटा आला नव्हता.

“उठा,” बकुळाबाई म्हणाल्या.

“कोण लावणार लग्न?”

“चाळीत रोज संध्याकाळी वंदना कोण घेतं? तुम्ही घेता?” त्यांनी पदर सारखा केला. “किती वाजले बघा आणि शिट्टी मारा.”

त्या मंचावर चढल्या आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. प्रिती आणि संघर्षने मेणबत्त्या लावल्या. भिवाभाऊंनी मनगट डोळ्यांजवळ आणलं. सेकंदाचा काटा वर येत होता. सात. त्यांनी शिट्टी ओठांत धरली, पण फुंकायला श्वासच आला नाही.

शिट्टीची कुणी वाट पाहिली नाही. बकुळाबाईंनी पहिला शब्द उच्चारला आणि तीनशे माणसांनी पुढचे उचलले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. राधाआत्याचा आवाज सगळ्यांत वर होता. टिटवाळा, डोंबिवली, विरार, सगळे उभे होते. पहिल्या रांगेत कमलाकांत आणि दुर्गाबाईही हात जोडून उभे राहिले होते. प्रितीने प्रतिज्ञा म्हणताना आधी आईकडे पाहिलं, मग समोरच्या माणसांकडे. मग दारात शिट्टी हातात धरून रडणाऱ्या बापाकडे पाहून ती हसली. फुलांचा पाऊस पडला, तेव्हा सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

तांबेसर साडेआठला आले, ते थेट जेवणाच्या पंगतीत. लग्न लागलंय हे ऐकून त्यांनी बकुळाबाईंना नमस्कार केला. मग चष्मा लावून विवाहाचा फॉर्म काढला, नावं लिहिली, सही केली. वेळेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

“सात,” भिवाभाऊ छाती काढून म्हणाले. “बरोब्बर सात. लिहा, सर. फ्रेम करून लावणार आहे मी हा कागद.”

तांबेसरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिवाभाऊंना जरा बाजूला घेतलं.

“एक अडचण आहे. काळाचौकीच्या लग्नाचं कार्ड चारचं होतं, लागलं सातला. त्या फॉर्मवर मी सात लिहून सही करून बसलोय. आता एकाच वेळी मी दोन ठिकाणी कसा दिसणार?” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “भिवाभाऊ, राग मानू नका. तुमचं तेवढं साडेआठ लिहू का?”